मुलांच्या बुद्धीची वाढ आणि हायस्कूलचा अभ्यासक्रम

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)



समितीचे तरुण कार्यकर्ते मला निमंत्रण द्यायला आले तेव्हा म्हणाले, "सर, आपल्या अभ्यासिकेत पोरं नियमित येतात. सातवीपर्यंत बरी चालतात. आठवीला गेली की गणित आणि विज्ञानात मागे पडायला लागतात. हे असं का होतं, यावर बोला." मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे हेच दोन विषय शिकवले आहेत. त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि हा प्रश्न काही एका वस्तीचा नाही.

या प्रश्नाला घराघरांत एक ठरलेलं उत्तर असतं. "आमच्या पोराचं डोकं गणितात चालत नाही." शाळेत हेच जरा सभ्य भाषेत सांगितलं जातं, "याला सायन्स झेपणार नाही, दुसरीकडे घाला." दुसरीकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण मुलाने आपली आवड ओळखून वाट निवडणे वेगळे, आणि चौदाव्या वर्षी इतरांनी त्याच्या डोक्याचा निकाल लावून मोकळे होणे वेगळे. ज्या घरात दहावीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला असा निकाल फार महाग पडतो. कारण तो निकाल चुकीचा आहे असे सांगणारे घरात कोणी नसते.

बुद्धीची वाढ कशी होते याचे एक शास्त्र आहे. डी.एड., बी.एड. झालेल्या प्रत्येकाने ते परीक्षेपुरते वाचलेले असते. आपल्या देशाच्या अभ्यासक्रमावरही त्याची छाप आहे. या शास्त्राचे दोन अर्थ लावता येतात. एक अर्थ लावला तर ते मुलाला खाली बसवते, दुसरा लावला तर हात धरून वर चढवते. आज मला आपणास एवढेच सांगावयाचे आहे की, शास्त्र हे मूल आज कोणत्या पायरीवर उभे आहे ते दाखवते. ते कुठवर चढेल याचा निकाल देत नाही.

प्रथम हे शास्त्र कोणी मांडले ते पाहू. ज्याँ पियाजे हे स्वित्झर्लंडचे. जन्म १८९६, निधन १९८०. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ, शंख-शिंपल्यातल्या जीवांचा अभ्यास केलेले. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम सोपे होते. बरोबर उत्तरे मोजायची आणि गुण द्यायचे. पण पियाजेंचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. त्यांना दिसले की एका वयाची मुले साधारण एकाच पद्धतीने चुकतात. म्हणजे चूक ही आंधळी नसते, तिच्यामागे मुलाचे स्वतःचे तर्कशास्त्र असते. मग त्यांनी मुलांना गुण देणे सोडले आणि "तुला असं का वाटतं?" हे विचारायला सुरुवात केली. पुढची जवळजवळ साठ वर्षे ते हाच प्रश्न विचारत राहिले.

त्यातून त्यांनी बुद्धीच्या वाढीच्या चार अवस्था मांडल्या. पहिली दोन वर्षे मूल हातापायांनी आणि इंद्रियांनी जग ओळखते. दोन ते सात या वयात भाषा येते, कल्पना येते, पण दिसेल तेच खरे वाटते. बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले की मूल म्हणते, पाणी वाढलं. सात ते अकरा या वयात ही चूक जाते. वस्तू समोर असली किंवा डोळ्यांपुढे आणता आली तर मूल तिच्याविषयी नीट तर्क करते. याला पुस्तकात मूर्त क्रियात्मक अवस्था म्हणतात. आणि अकरा-बारा वर्षांपासून चौथी अवस्था सुरू होते, औपचारिक क्रियात्मक अवस्था. यात समोर नसलेल्या, नुसत्या शक्यतेच्या गोष्टींविषयी विचार करता येतो. "असं असतं तर काय झालं असतं?" हा प्रश्न या अवस्थेचा.

तिसरी आणि चौथी यांतला फरक हाच आपल्या हायस्कूलचा खरा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो.

पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना एक दोरा आणि काही वजने दिली. दोऱ्याला वजन बांधून झोका द्यायचा आणि झोका लवकर-लवकर जायला काय कारणीभूत आहे ते शोधायचे. दोऱ्याची लांबी? वजन? की दिलेला धक्का? दहा वर्षांचे मूल काय करते? लांब दोऱ्याला जड वजन बांधते, मग आखूड दोऱ्याला हलके वजन बांधते, आणि म्हणते, "वजनामुळे होतं." त्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या हे त्याच्या लक्षातच येत नाही. चौथ्या अवस्थेतले मूल वजन तेच ठेवते, धक्का तोच ठेवते आणि फक्त दोरा बदलते. उत्तर त्याला सापडते, झोक्याचा वेग लांबीवर अवलंबून असतो. या प्रयोगांचे त्यांचे पुस्तक १९५५ साली फ्रेंचमध्ये आणि १९५८ साली इंग्रजीत आले.

आता दुसरे उदाहरण घरचे घ्या. दोन पेले सरबताला तीन लिंबं लागतात, तर तसंच सरबत सहा पेले करायला किती लिंबं? अनेक मुले सात म्हणतात. का? दोनाचे सहा झाले, म्हणजे चार वाढले, तर तिनात चार मिळवा, सात. बरोबर उत्तर नऊ आहे. पण 'सात' म्हणणाऱ्या मुलाला बेरीज येते, त्याचे गणित कच्चे नाही. गुणोत्तराने विचार करायचा ही पायरी अजून त्याला गवसलेली नाही. आपण मात्र त्याला पुन्हा पाढे पाठ करायला बसवतो! दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असा हा प्रकार.

आता हायस्कूलचे पुस्तक उघडा. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे गुणोत्तर आहे. वेग, त्वरण, ओहमचा नियम, रसायनातले मोल, भूमितीतले समरूप त्रिकोण, सगळीकडे गुणोत्तर. बीजगणितातला 'क्ष' म्हणजे समोर नसलेली संख्या. अणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो मनात उभा करायचा. म्हणजे आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम गृहीत धरतो की समोर बसलेली सगळी मुले चौथ्या पायरीवर आलेली आहेत. आणि आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. ती योग्यच होती. पण त्यामुळे हे गृहीतक प्रत्येक मुलाला लागू झाले.

हे गृहीतक आजही टिकून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेची रचना ५+३+३+४ अशी केली आहे. त्यात सहावी ते आठवी, म्हणजे अकरा ते चौदा वयाच्या टप्प्यावर, प्रत्येक विषयातल्या अमूर्त संकल्पना आणायच्या, कारण या वयात मुले त्यांसाठी तयार असतील, असे म्हटले आहे. पियाजेंचे नाव तिथे नसले तरी अकरा हे वय कुठून आले ते आपणास कळेल. त्याआधी, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला काही कसोट्या लावल्या. त्यांतली पहिलीच कसोटी अशी की, आशय, प्रक्रिया, भाषा आणि शिकवण्याची रीत ही मुलाच्या वयाला साजेशी आणि त्याच्या आकलनाच्या आवाक्यातली हवी. तेव्हा हे शास्त्र परदेशी पुस्तकांत राहिलेले नाही. आपल्या मुलांच्या दप्तरात ते आहे.

मग प्रश्न येतो, अकरा-बारा वर्षांची सगळी मुले खरोखर चौथ्या पायरीवर असतात का?

याचा शोध इंग्लंडमध्ये लागला आणि तो शोध शाळेतल्या अडचणीतून लागला. १९६० नंतर तिथे नफील्ड फाउंडेशनच्या मदतीने विज्ञानाचा नवा अभ्यासक्रम आला. प्रयोगांवर भर, घोकंपट्टीला फाटा, सगळे चांगले. तरी पुष्कळ मुलांना तो झेपेना. मायकेल शेअर हे आधी शाळेत शिक्षक होते. त्यांनी तो अभ्यासक्रम धडा-धडा तपासला, कोणत्या धड्याला पियाजेंची कोणती पायरी लागते ते लिहून काढले. मग लंडनच्या चेल्सी कॉलेजातून १९७४ ते १९७९ या काळात एक मोठी पाहणी झाली. तीत दहा हजारांहून अधिक मुलांच्या तर्कशक्तीची चाचणी घेतली गेली. निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. सोळाव्या वर्षीदेखील जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास मुले चौथ्या पायरीवर आलेली होती. बाकीची सत्तर टक्के तिसऱ्या पायरीवर किंवा दोहोंच्या मध्ये होती.

हा आकडा नीट ऐका. ही इंग्लंडची मुले होती. शाळेत प्रयोगशाळा, घरी पुस्तके, भाषा स्वतःची. तिथेही हे चित्र होते. तेव्हा आठवीतल्या आपल्या मुलाला घनता कळली नाही तर ते काही त्याच्या जातीचे, वस्तीचे किंवा रक्ताचे लक्षण नव्हे. जगातल्या बहुसंख्य मुलांचे तेच आहे. खुद्द पियाजे यांनीही १९७२ साली लिहिले की ही अवस्था पंधरा ते वीस या वयातही येऊ शकते आणि माणूस ज्या क्षेत्रात काम करतो त्या क्षेत्रात ती आधी दिसते.

आता खरी मेख इथे आहे. हा आकडा हाती आल्यावर काय करायचे? दोन वाटा निघतात.

पहिली वाट अशी की, मुलांना झेपत नाही ना, मग अभ्यासक्रम सोपा करा. अवघड धडे काढा, किंवा मुलांचे दोन गट करा आणि एका गटाला सोपे पुस्तक द्या. ही वाट दयाळू दिसते. आपल्या राज्यातही काही वर्षे दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची सोय होती, पुढे ती बंद झाली. ती आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. नापासाच्या शिक्क्यातून कित्येक मुले त्यामुळे सुटली असतील. पण सोपे पुस्तक कोणाच्या वाट्याला येते हे आपण अनुभवाने जाणतो. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्याच्या वाट्याला. आणि जे कधी वाढूनच दिले नाही ते पचवण्याची ताकद यायची कशी?

दुसरी वाट शेअर आणि त्यांचे सहकारी फिलिप ॲडी यांनी धरली. ते म्हणाले, मूल तिसऱ्या पायरीवर आहे तर चौथीवर चढायला त्याला शाळेनेच मदत करायची. विज्ञानाचा तास त्यासाठीच वापरायचा. याआधी अमेरिकेतही हा वाद झाला होता. १९५९ साली वुड्स होल या गावी शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. जेरोम ब्रूनर यांनी तिच्यावर १९६० साली छोटे पुस्तक लिहिले. कोणताही विषय, प्रामाणिकपणा न सोडता, कोणत्याही वयाच्या मुलाला त्याच्या पद्धतीने शिकवता येतो, असे त्यांचे म्हणणे. एकच कल्पना लहानपणी वस्तूंतून, पुढे चित्रांतून, मग चिन्हांतून, पुन्हा पुन्हा वरच्या वळणावर यावी. याला सर्पिल अभ्यासक्रम म्हणतात. थांबून राहू नका, हाच त्याचा सूर होता.

शेअर आणि ॲडी यांनी १९८४ ते १९८७ या काळात प्रत्यक्ष शाळांत काम केले. त्यांनी तीस पाठ तयार केले. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दोन वर्षे, दर पंधरवड्याला एक, विज्ञानाच्या नेहमीच्या तासाऐवजी हा पाठ द्यायचा. एक पाठ कसा चालतो ते सांगतो, म्हणजे आपल्या अभ्यासिकेत उपयोगी पडेल.

मुलांच्या गटांना नळ्या देतात. काही लांब, काही आखूड, काही रुंद, काही अरुंद. फुंकर मारली की आवाज निघतो, कोणाचा जाड, कोणाचा बारीक. शिक्षक आधी शब्द पक्के करून घेतात. काय काय बदलतं? लांबी बदलते, रुंदी बदलते. एवढी तयारी वस्तू हातात धरून झाली की प्रश्न येतो, आवाज कशामुळे बदलतो? मुलं एक लांब-रुंद नळी आणि एक आखूड-अरुंद नळी घेतात, फुंकतात आणि ठामपणे म्हणतात, "लांबीमुळे!" शिक्षक एवढंच विचारतात, "रुंदीमुळे नसेल कशावरून?" इथे वर्ग गप्प होतो. आपण जे खात्रीने म्हणालो त्याला आपल्याकडे पुरावा नाही हे मुलांना स्वतःला दिसते. मनात ओढाताण सुरू होते. शिक्षक उत्तर सांगत नाहीत. मुले आपापसांत बोलतात, भांडतात, नळ्यांची अदलाबदल करतात, आणि कोणीतरी म्हणतं, "थांबा, रुंदी सारखी असलेल्या दोन घ्या." पायरी तिथे चढली जाते. मग शेवटची दहा मिनिटे शिक्षक विचारतात, "आधी काय चुकत होतं? कसं लक्षात आलं?" आणि, "असा विचार आणखी कुठे लागेल?" खत जास्त घातल्याने पीक आलं की पाऊस चांगला झाला म्हणून, हे ठरवायलाही हाच विचार लागतो.

म्हणजे पाठाचे पाच भाग झाले. वस्तूंनी तयारी, मनातली अडचण, एकमेकांशी बोलून उत्तर उभारणे, आपण कसा विचार केला याकडे वळून पाहणे, आणि तो विचार दुसऱ्या ठिकाणी लावून पाहणे. तीस पाठांत याच रीतीने गुणोत्तर, संभाव्यता, समतोल, वर्गीकरण हे सगळे येते.

परिणाम काय झाला? दोन-तीन वर्षांनी ही मुले तिथल्या शालान्त परीक्षेला बसली. ज्यांनी हे पाठ केले होते त्यांतल्या काही गटांना विज्ञानात इतर मुलांपेक्षा चांगले गुण मिळाले. विज्ञान सोडा, गणितात आणि इंग्रजी भाषेतही मिळाले! फरक सर्व गटांत सारखा नव्हता, हेही सांगायला हवे. पण विज्ञानाच्या तासाला शिकलेला विचार भाषेच्या पेपरात कामी आला, ही गोष्ट लहान नाही.

पण एकच बाजू सांगून मी खाली बसणार नाही. पुढे इंग्लंडमध्येच एज्युकेशन एन्डोमेंट फाउंडेशनने याच पद्धतीच्या नव्या रूपाची मोठी चाचणी घेतली. तिचा अहवाल २०१६ साली आला. त्यात विज्ञानाच्या गुणांमध्ये सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मग आधीचे सगळे खोटे का? माझे मत असे आहे की, या पाठांचा जीव नळ्यांत आणि पुस्तकात नसतो, तो शिक्षकाच्या प्रश्नात आणि त्याच्या धीरात असतो. मूळ पद्धतीत शिक्षकांचे प्रशिक्षणच दोन वर्षांचे ठेवले होते, ते उगीच नव्हे. एखाद्या शास्त्राचे नाव घेतले की मुले आपोआप हुशार होतात, असा बाजार आज फार आहे. त्या बाजारापासून सावध राहा. पुरावा मागण्याची सवय मुलांना लावायची तर ती आधी आपल्याला असली पाहिजे.

आता एक मूलभूत शंका घेऊ. पियाजेंच्या कसोटीला न उतरणाऱ्या माणसाला विचारच करता येत नाही का? तसे मुळीच नाही.

१९३१-३२ साली रशियन मानसशास्त्रज्ञ लूरिया उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी कोडे घातले. उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेला आहे. तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांचे उत्तर असे की, आम्ही तिथे गेलो नाही, जो जाऊन आला त्याला विचारा. आपण हसतो. पण न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलू नये, हे काय अडाणीपणाचे लक्षण आहे? आणि त्याच भागातले जे थोडेफार शिकले होते त्यांना ते कोडे सहज सुटले. म्हणजे 'पुढची अवस्था' ज्याला आपण म्हणतो तिच्यात वयापेक्षा शाळेचा वाटा मोठा दिसतो.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ९ ते १५ वयाची पाचच मुले होती, पण अभ्यास बारकाईने झाला. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारला तर त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. डोके तेच, आकडे तेच. मग चालत नव्हते ते काय? डोके नव्हे, कागद. भाजीच्या गाडीवर आईला मदत करणारी मुलगी पाव किलोचा भाव चुटकीसरशी सांगते, आणि वर्गात तिलाच 'गणितात ढ' म्हणतात, हे आपण रोज पाहतो.

लेव्ह व्हिगॉट्स्की हे पियाजेंच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले आणि १९३४ मध्येच क्षयाने गेले. त्यांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली. मूल आज एकट्याने काय करते एवढेच मोजू नका. जाणत्याच्या मदतीने ते काय करू शकते तेही पाहा. या दोहोंमधली जी जागा, तीच शिकवण्याची जागा. कारण आज जे मदतीने जमते ते उद्या एकट्याने जमते. पण मग पुढचा प्रश्न आपल्यासाठी कडवट आहे. ज्या मुलाच्या घरी जाणता हात नाही, त्याला ही मदत कोण देणार? शिकवणी लावणारा ती विकत घेतो. दुसऱ्यासाठी शाळा असते, आणि शाळेनंतर ही अभ्यासिका असते.

इथे आपल्या मुंबईतली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यात होते. या मुलांत गुण कमी आहेत का, हे त्यांनी गृहीत धरले नाही. त्यांची गाडी नेमकी कुठे अडते ते शोधले. एक मोठा अडसर सापडला तो भाषेचा. पुस्तकातली भाषा आणि घरातली भाषा यांत एवढे अंतर की मूल कल्पनेपर्यंत पोहोचण्याआधीच शब्दापाशी अडते. असे अडसर शोधून दूर केल्यावर मुलांची प्रगती दिसून आली. आता आपणच बघा. वस्तुमान, त्वरण, संवेग, अपवर्तनांक! यातला कोणता शब्द आपल्या घरात कधी उच्चारला जातो? मुलाला झोका कळतो, 'दोलकाचा आवर्तकाल' कळत नाही. तो शब्द शिकवायचाच आहे, परीक्षेत तोच येणार. पण आधी झोका, मग शब्द.

आता शेवटचा भाग, आपण काय करायचे. मोठ्या योजना सांगत नाही. या सभागृहात, या सतरंजीवर बसून करता येईल तेवढेच सांगतो.

अभ्यासिकेत शिकवणाऱ्या तरुणांना माझी विनंती की, चूक उत्तराला लगेच फुली मारू नका. "सात लिंबं" म्हणणाऱ्या मुलाला विचारा, "सात कशी आली, सांग बघू." तो सांगेल, आणि कुठली पायरी अडली आहे ते तुम्हाला तिथेच दिसेल. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजून थांबा. विचाराला वेळ लागतो. आपण तो देत नाही आणि मग उत्तर येत नाही म्हणतो.

कोणताही नवा धडा वस्तूपासून सुरू करा. घनतेसाठी बादली, पाणी, एक लाकडाचा तुकडा, एक खिळा पुरे. खिळा लाकडापेक्षा हलका असून बुडतो आणि लाकूड जड असून तरंगते, यावर मुलांना अर्धा तास भांडू द्या. त्यानंतर सूत्र लिहा. दोऱ्याला दगड बांधून झोक्याचा प्रयोग करायला तर पैसाही लागत नाही.

मुलांना आपापसांत आणि घरच्या बोलीत बोलू द्या. अभ्यासिका म्हणजे शांतता, ही आपली समजूत वाचनापुरती खरी आहे. आठवड्यातला एक तास बोलण्याचा ठेवा. नववी-दहावीच्या मुलांनी सातवीच्यांना समजावून सांगावे. समजावताना सांगणाऱ्याचा विचार आधी पक्का होतो.

माता-पित्यांना सांगतो, आपण शिकलेले नसाल तरी एक काम आपण करू शकता. मुलाला रोज विचारा, "आज शाळेत काय शिकलास, मला समजेल असं सांग." आणि त्याने सांगितलं की विचारा, "कशावरून?" या एका शब्दात सगळे विज्ञान आहे. त्याचे उत्तर आपल्याला कळले नाही तरी चालेल, सांगताना त्याला ते कळेल.

आणि आठवी-नववीच्या गुणांवरून मुलाच्या आयुष्याचा फैसला करू नका. अकरा वर्षांनी येणारी पायरी कोणाला तेराव्या वर्षी येते, कोणाला सतराव्या. उशिरा येणे म्हणजे न येणे नव्हे. शाळेतून कोणी "याचे डोके चालत नाही" असे सांगितले तर नम्रपणे विचारा, "सर, कोणत्या धड्यात अडतंय? कोणती गोष्ट त्याला अजून आलेली नाही?" जो शिक्षक मन लावून शिकवतो तो या प्रश्नाने रागावणार नाही, आनंदाने उत्तर देईल. आणि ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचा निकाल आपण स्वीकारायचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच. एखादे गणित येत नाही तेव्हा "मला येत नाही" असे म्हणू नका. "मला अजून येत नाही" असे म्हणा. 'अजून' हा शब्द मी तुमची समजूत घालायला सांगत नाही. दहा हजार मुलांची पाहणी आणि साठ वर्षांचे संशोधन त्यामागे उभे आहे.